अशोकाची पाकशाळा

दिल्ली दरवाजाबाहेर, फिरोजशहा कोटल्याच्या भग्न वास्तूवर अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो टोपरा गावाहून येथे आणविला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने त्यावरील लिपी उलगडली. मांसाहार सोडणे एक आणि तो सुटलेला राखणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीविषयी हा स्तंभ पुष्कळ सांगतो.

गिरनारच्या शिलालेखात राजा म्हणतो की, पूर्वी आपल्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नित्य नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. म्हणजे सम्राटालाही ही सवय क्रमाक्रमानेच सोडावी लागली, आणि हे न्यून त्याने दगडावर कोरून ठेवले.

राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर त्याने कित्येक पशुपक्षी अवध्य ठरविले. ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली. सरसकट मांसबंदी मात्र केली नाही.

त्यानंतर वर्षभराने कोरलेला सातवा लेख संपूर्ण रूपात याच स्तंभावर आढळतो. धर्मवृद्धीचे दोन मार्ग त्यात सांगितले आहेत : नियम आणि ‘निझति’, म्हणजे मनन. पैकी नियमांचे फळ अल्प. प्राण्यांची अहिंसा वाढली ती मननामुळे, असा राजाचा निर्वाळा आहे.

श्रोतेहो, आम्हां सरकारी नोकरांचा नियमांवर मोठा भरवसा. परंतु ताटापुढे बसलेल्या माणसावर पहारा कोण ठेवणार? तेथे त्याचे त्यालाच पटलेले असावे लागते.