शेजारचा गाळा

डिसेंबर 2024 मध्ये सुरत जिल्ह्यातल्या किमजवळ, पालोदच्या युनियन बँकेत चोर शिरले ते भिंत फोडून. सहा लॉकर त्यांनी उघडले. ही रीत फार जुनी. ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, तेव्हा तो शास्त्रच सांगतो: भाजलेल्या विटा उपसाव्यात, कच्च्या कापाव्यात, मातीची भिंत भिजवावी, लाकडाची चिरावी. मापाची दोरी विसरली, तर गळ्यातलं जानवं काढून त्यानं मोजतो.

पण ते एका रात्रीचं काम. बँकेची तिजोरी तेवढ्यात फुटत नाही. त्यासाठी मुक्काम लागतो, आणि मुक्कामाला निमित्त. 1869 मध्ये बोस्टनच्या बॉयल्स्टन बँकेला लागून अॅडम वर्थच्या टोळीनं दुकान घेतलं आणि टॉनिक विकण्याच्या बहाण्यानं मधली भिंत पोखरली. माझ्या मते भुयारी दरोड्याचा खरा पूर्वज हे दुकानच. भिंतीऐवजी जमीन खणणं ही पुढची पायरी. 1971 मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर चामड्याच्या वस्तूंच्या भाड्याच्या दुकानातून लॉइड्स बँकेपर्यंत सुमारे 40 फूट भुयार गेलं. 2005 मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझात कृत्रिम हिरवळ विकणारी बनावट कंपनी उघडून टोळीनं मध्यवर्ती बँकेच्या शाखेखाली जवळपास 80 मीटर खणलं.

हिरवळीचाच धंदा का, ते मातीचा हिशेब केला की कळतं. तीस फूट लांब आणि अडीच फूट रुंद-उंच भुयारातून जवळजवळ 190 घनफूट माती निघते. वजन आठ-नऊ टन. एवढी माती रोज थोडी थोडी, कुणाच्या डोळ्यावर न येता बाहेर काढायची, हीच यातली सगळ्यात अवघड गोष्ट. ज्या दुकानात पोती, खोकी, टेम्पो यांची ये-जा असते, तिथे ती खपून जाते.

नवी मुंबईत नेमकं हेच झालं. जुईनगरच्या बँक ऑफ बडोदाशेजारी काही महिने आधी किराणा-जनरल स्टोअरसाठी गाळा भाड्यानं घेतला गेला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तिथून निघालेलं भुयार थेट लॉकरच्या खोलीत उघडलं. दुसरा शनिवार, मग रविवार, बँक बंद. सोमवारी कर्मचारी आले तेव्हा तीस लॉकर रिकामे होते.

त्यात ठेवी नव्हत्या, लोकांचं सोनंनाणं होतं. लॉकरमध्ये काय ठेवलंय याची यादी बँकेकडे नसते, त्यामुळे काय गेलं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याचं गेलं त्याच्यावरच येते. हे मला दरोड्याइतकंच क्रूर वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या सुधारित नियमांनुसार 1 जानेवारी 2022 पासून चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरली. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. आजीच्या पाटल्या आणि लेकीच्या लग्नाचे दागिने एकत्र ठेवणाऱ्या घराला ही रक्कम पुरत नाही. जुईनगरच्या लॉकरधारकांच्या वेळी तर हा नियमही नव्हता.