कोयता गाडीत ठेवा

तुम्ही जिथे उभे आहात ते जुनं आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पण आता साल १८७८ आहे आणि घोड नदी अजून मोकळी वाहतेय. खांद्यावर आजोबांची तोड्याची बंदूक, कमरेच्या आकडीत कोयता. रानडुक्कर शेतात शिरलं की बार काढायचा, एवढंच त्या बंदुकीचं काम.

चावडीपाशी पाटील अडवतो. "१ ऑक्टोबरपासून नवा कायदा लागलाय. परवान्याबिगर बंदूक, तलवार, भाला घेऊन फिरलास तर आत जाशील. तीरकामठासुद्धा धरलाय त्यात."

"आणि साहेबाला?"

"साहेबाला कसला परवाना!"

पाटलाच्या धास्तीला कारण आहे. जांभोरीच्या होनाजी केंगल्याला मेजर डॅनियलनं पकडलं त्याला दोनच वर्षं झालीत. त्याच्या टोळीनं सावकारांची नाकं-कानं कापली होती. त्यातच १८७५ला सुपे-शिरूरकडे दंगे पेटले, शेतकऱ्यांनी गहाणखतं जाळली. हे सारं वाया गेलं असं मात्र म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाविषयीचा कायदा येणार आहे. सरकारनं दोन्ही केलं: कर्जदाराचं ऐकलं आणि त्याच्या हातातलं हत्यारही काढलं.

आता १२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. मुंबई, काळबादेवी. गर्दीत तुम्हाला आपल्याकडची बोली ऐकू येते, कारण पलीकडे उभा असलेला गिरणी कामगार महाळुंगे पडवळचा आहे. बाबू गेनू सैद. विलायती कापडाची लॉरी पोलीस बंदोबस्तात येतेय. तो रस्त्यावर आडवा होतो, हातात काही नाही. लॉरी थांबत नाही.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण शब्द दुसरा सुचत नाही), याच वर्षी जानेवारीत गांधीजींनी मांडलेल्या ११ मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीसुद्धा एक होती. अहिंसेच्या माणसालाही १८७८चा कायदा सलत होता. पुढच्या वर्षी कराचीच्या काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावातच घातला.

म्हणून २ डिसेंबर १९४८ला संविधान सभेच्या सज्जात बसा. ह. वि. कामथ यांची दुरुस्ती आहे: शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घ्या. डॉ. आंबेडकर उत्तराला उठतात. असा अमर्याद हक्क कोणतं राज्य मान्य करील, असा त्यांचा सवाल. आणि हक्कापेक्षा वेळ आली तर शस्त्र धरण्याचं कर्तव्य मोठं, असा रोख. दुरुस्ती फेटाळली जाते. अनुच्छेद १९ मध्ये जमण्याचा हक्क आला तो शांततेनं आणि विनाशस्त्र. मला ते पटतं. मोर्चात बंदूक आली की ज्याच्याकडे बंदूक नाही त्याचं तोंड आधी बंद होतं, आणि आपल्या डोंगरपट्ट्यात बंदूक असणार होती कुणाकडे?

अमेरिकेत वेगळं. जानेवारी २०२०मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला हजारो लोक रायफली खांद्याला लावून निदर्शनाला आले, कायदेशीरपणे. त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींचा हिरडा झोडपला आणि भरपाईसाठी आंदोलनं सुरू झाली.

त्यातल्याच एका मोर्चात तुम्ही आता उतरलात. घोडेगाव, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं फाटक. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा आदेश निघाला की बंदुका, तलवारी, भाल्यांबरोबर सोटे, लाठ्या, सुरेही बंद. झेंड्याची काठीसुद्धा हवालदार नजरेनं जोखतो.

"बाबा, कोयता गाडीत ठेवा."

"अहो, राब तोडून तसाच आलोय."

"तसाच ठेवा मग."

आकडी रिकामी करून तुम्ही रांगेत शिरता. पुढे निवेदन स्वीकारलं जातंय, फोटो निघतायत, आणि नऊवारीतली एक आजी सगळ्यांच्या वरताण ओरडते, "पोच घ्या रं, पोच! शिक्का मारल्याबिगर हलायचं न्हाई."