पन्हाळ्याची दुसरी पालखी

मृत्यू दाराशी आला की त्याच्या हाती भलतेच कोणी सोपवायचे, ही युक्ती जगभरच्या कथांत सापडते. ग्रीक पुराणात ऱ्हीआ क्रोनसला बाळाऐवजी कापडात गुंडाळलेला धोंडा देते आणि झ्यूस वाचतो. कृष्णाच्या जागी यशोदेची तान्ही मुलगी देवकीच्या कुशीत ठेवली जाते. कंस तिलाच शिळेवर आपटायला उचलतो. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेत धाकटा भाऊ राक्षसाच्या मुलींचे मुकुट आपल्या भावांच्या डोक्यावर चढवतो आणि अंधारात चाचपडणारा राक्षस पोटच्या मुलींचेच गळे चिरतो. या कथांत बदली जाणाऱ्याला कोणी विचारलेलेच नसते. धोंडा मुका, मुलगी अजाण, राक्षसाच्या लेकी झोपेत. कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर १६६० साली झालेली अदलाबदल याच ठिकाणी वेगळी पडते.

अफजलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी पन्हाळा स्वराज्यात आला. तो परत घेण्यासाठी विजापूरहून सिद्दी जौहर चालून आला. मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज गडावर दाखल झाले आणि वेढा आवळला गेला. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले. पावसाळा लागला तरी वेढा ढिला पडेना. तेव्हा शरणागतीची बोलणी लावून शत्रूला गाफील करण्यात आले आणि १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले.

पालख्या दोन होत्या. महाराजांची आडवाटेने गेली. दुसरी शत्रूला सापडावी म्हणूनच काढलेली. तिच्यात शिवा काशीद होते. ते पायथ्याच्या नेबापूरचे, नाभिक समाजातले, आणि चेहरेपट्टीने महाराजांशी मिळतेजुळते, असे परंपरा सांगते. दाढीमिशीचा घाट हे ज्यांच्या रोजच्या हातचे काम, त्यांना हे सोंग वठवणे अवघड गेले नसावे. अवघड होते ते पालखीत बसणे. पकडले जाणे हेच त्यांचे काम होते आणि ओळख पटल्यावर काय होणार, हे त्यांना ठाऊक होते. पालखी पकडली गेली, छावणीत महाराज सापडल्याचा आनंद झाला, खरे उघडकीस आले आणि शिवा काशीद मारले गेले. तेवढ्या अवधीत महाराज पुढे निघून गेले.

मराठीत दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणाऱ्याला तोतया म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया १७७६ साली देहदंडाला गेला. त्याला भाऊंचा अधिकार हवा होता. शिवा काशीद यांनी महाराजांचे नाव घेतले ते फक्त त्यांचे मरण अंगावर घेण्यासाठी. त्यांना तोतया म्हणणे चूक ठरेल.

अदलाबदलीची हीच युक्ती १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटताना पुन्हा कामी आली. हिरोजी फर्जंद पांघरूण ओढून, कडे घातलेला हात बाहेर ठेवून महाराजांच्या पलंगावर निजले. नंतर तेही निसटले. पन्हाळ्याला ती वाट नव्हती.

पन्हाळ्याहून निसटलेल्या महाराजांच्या पाठलागाला निघालेल्या, जौहरच्या फौजेतल्या सिद्दी मसूदला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने घोडखिंडीत अडवले. ती खिंड आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे आणि शिवा काशीद यांचाही.