चार चाके, एक पेडल : स्पोर्ट्स कारमधील स्थैर्य-नियंत्रणाचे मोल

१/ १९९८ साली ऑडी कंपनीने ‘टीटी’ ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. आइल ऑफ मॅन बेटावरील विख्यात मोटारसायकल शर्यतीवरून तिचे नाव ठेवले होते आणि तिच्या गोलाईदार घडणीची सर्वत्र वाखाणणी झाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस मात्र कंपनीवर विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची वेळ आली. वेगासाठीच घडवलेल्या गाडीत स्थैर्य-नियंत्रणासाठी जादा पैसे मोजावेत का, या वादाचा निकाल बऱ्याच अंशी या प्रकरणात दडलेला आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी एबीएस बाजारात आणले. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होईनाशी झाली. १९९५ मध्ये याच दोन कंपन्यांनी ‘ईएसपी’, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण, मर्सिडीजच्या एस ६०० कूपे या महागड्या गाडीत प्रथम दिले.

३/ तिचे कार्य समजण्यास सोपे आहे. स्टिअरिंग किती वळले आहे, यावरून चालकाला कुठे जायचे आहे ते कळते. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, यावरून ती प्रत्यक्षात कुठे चालली आहे ते कळते. यंत्रणा या दोहोंची तुलना सेकंदाला २५ वेळा करते. तफावत आढळताच ती इंजिनाची शक्ती कमी करते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर घसरू लागला, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक रोखले जाते आणि गाडी सरळ होऊ लागते.

४/ खरा मुद्दा इथेच आहे. चालक कितीही निष्णात असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते. चारांपैकी नेमके एक चाक रोखणे त्याला शक्यच नसते. म्हणून ‘कुशल चालकाला याची गरज काय?’ हा प्रश्नच चुकीच्या पायावर उभा आहे. ही यंत्रणा कौशल्याची उणीव भरून काढतेच, पण त्याखेरीज कौशल्याच्या आवाक्याबाहेरचे कामही करते.

५/ तरीही विरोधकांची बाजू पोकळ नव्हती. गाडीची पकड सुटण्याची सीमा हातांना जाणवणे, हाच स्पोर्ट्स कारचा आनंद. आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्र मध्ये पडते, अशी त्यांची तक्रार होती. आरंभीच्या यंत्रणांचा हस्तक्षेप ढोबळ असे, हेही खरे.

६/ दरम्यान एक विलक्षण उलटापालट झाली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील ‘टेक्निकेन्स व्हार्ल्ड’ या नियतकालिकाने मर्सिडीजच्या छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मोठे हरीण आल्यास गाडी झटकन वळवावी लागते, तशी ती चाचणी होती. गाडी उलटली. मर्सिडीजने वितरण थांबवले, सस्पेन्शन बदलले आणि ए-क्लासमध्ये ईएसपी सरसकट देऊ केले. श्रीमंतांच्या गाडीतील चैनीची वस्तू कुटुंबाच्या गाडीत जादा पैशांविना आली.

७/ आणि पुढच्याच वर्षी आलेल्या टीटीच्या आरंभीच्या गाड्यांत ती नव्हती! तिच्या उताराच्या, गुळगुळीत पाठीवरून वाहणारी हवा मोठ्या वेगात मागचा भाग वर उचलू पाही. मागच्या चाकांवरचा भार हलका होई. अशा वेळी एकाएकी मार्गिका बदलली किंवा वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उरलासुरला भारही पुढे सरके आणि मागची बाजू निसटे. युरोपात ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगात अपघात झाले, माणसे दगावली.

८/ १९९९ची अखेर आणि २०००चा आरंभ या काळात ऑडीने तीन उपाय योजले : मागे छोटा स्पॉयलर, सस्पेन्शनमध्ये बदल आणि ईएसपी. उपाय तीन होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा टायरला नवी पकड देऊ शकत नाही. आहे तेवढी पकड ती नीट वापरते. झिजलेले टायर किंवा सदोष घडण यांवर ती उतारा नव्हे.

९/ वाद मात्र शमला नाही. २००३ मध्ये आलेल्या पोर्शे करेरा जीटीची अमेरिकेतील किंमत सुमारे ४,४०,००० डॉलर होती, तरी तिच्यात स्थैर्य-नियंत्रण नव्हते. डॉज व्हायपरनेही ते दीर्घकाळ टाळले. अखेर अमेरिकेने २००७ मध्ये नियम केला आणि सप्टेंबर २०११ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा बंधनकारक झाली. व्हायपर २०१३च्या मॉडेलमध्ये परतली, ती स्थैर्य-नियंत्रण घेऊनच. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते आवश्यक ठरले.

१०/ नियम करताना अमेरिकी वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने मांडलेला हिशेब बोलका आहे. एबीएस असलेल्या गाडीत ही यंत्रणा बसवण्याचा खर्च सुमारे १११ डॉलर. आणि एकट्याच मोटारीला होणाऱ्या अपघातांत ३४ टक्के घट अपेक्षित. हे आकडे केवळ स्पोर्ट्स कारचे नाहीत, सर्वसाधारण मोटारींचे आहेत. परंतु इंजिनाची शक्ती आणि वेग वाढला की घसरण सावरायला मिळणारा अवधी घटतो, वाढत नाही.

११/ त्याच नियमात यंत्रणा बंद करणारे बटण ठेवण्यास मुभा होती. मात्र गाडी पुन्हा सुरू करताच यंत्रणा आपोआप चालू झाली पाहिजे, अशी अट होती. बंदिस्त ट्रॅकवरील आनंद शाबूत राहिला आणि सार्वजनिक रस्त्यावरचा विसरभोळेपणा सुरक्षित बाजूला झुकला.

१२/ म्हणून उत्तर : होय, सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी ते पैसे सार्थकी लागणारे होते, आजही त्या काळातील जुनी गाडी घेणाऱ्यापुढे हाच प्रश्न येतो. पर्यायी सुविधांच्या यादीवर खूण करायची की नाही, हे शोरूममध्ये एकटा खरेदीदार ठरवत असे. शेजारच्या आसनावर बसणारा आणि समोरून येणारा, या दोघांना मात्र त्या निर्णयात मत नव्हते.