दाराआडची तीन वर्षं

तोक्योहून एदो नदी ओलांडली की चिबा प्रांतात मात्सुदो नावाचं शहर लागतं. पाचेक लाख वस्तीचं उपनगर. पर्यटकांनी मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे फारसं काही नाही. मी गेले होते तिथल्या शहर संग्रहालयात एक फ्लॅट बघायला. हो, फ्लॅटच!

अश्मयुगीन माणसांच्या झोपड्या जिथे मांडल्यात, त्याच संग्रहालयात १९६० च्या दशकातलं दोन खोल्या-स्वयंपाकघराचं बिऱ्हाड जसंच्या तसं उभं केलंय. जेवणाचं टेबल, खुर्च्या, जुना टीव्ही. आपल्याला त्यात काय विशेष, असं वाटतं. पण युद्धानंतर तोक्योत घरांची भयंकर टंचाई होती. म्हणून १९५५ साली सरकारने गृहनिर्माण महामंडळ काढलं आणि शहराबाहेर 'दांची' म्हणजे भाड्याच्या घरांच्या वसाहती बांधायला घेतल्या. मात्सुदोतली तोकिवादाइरा दांची त्यातलीच. जमिनी द्यायला तिथल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता, पण अखेर १९६० साली लोक राहायला आले. घरं ४,८०० च्या वर. (शेजारची रेल्वे उगाच वळणं घेत जाते, कारण लष्कराच्या रेल्वे पलटणीने सरावासाठी टाकलेल्या मार्गावरून ती काढलीय. आता २०२५ पासून तिचं नावही बदललं. असो.)

अशा दांचीतल्या घरांसाठी तेव्हा सोडत निघायची. मला वाटतं, खरी चैन टीव्हीची नव्हतीच, दाराची होती. लाकडी घरं, सरकती दारं, शेजारी कोण खोकलं तेही ऐकू येणार, अशात वाढलेल्या माणसांना पहिल्यांदाच स्वतःची न्हाणी मिळाली आणि कुलूप लागणारं लोखंडी दार मिळालं. ओढून घेतलं की जग बाहेर.

तरुण जोडपी आली, मुलं मोठी होऊन निघून गेली, आईवडील तिथेच म्हातारे झाले.

२००१ साली याच वसाहतीत एका ६९ वर्षांच्या माणसाचा सांगाडा सापडला. एकटाच राहायचा. जाऊन तीन वर्षं झाली होती. भाडं बँकेतून परस्पर कापलं जात होतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. खात्यातले पैसे संपले, भाडं थकलं, तेव्हा कुठे दार उघडलं.

जपानीत अशा मरणाला 'कोदोकुशी' म्हणतात. एकाकी मरण. तिथल्या 'जिचिकाई'ने, म्हणजे रहिवासी मंडळाने, ही गोष्ट झाकून ठेवली नाही. आमच्याकडे असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं चारचौघांत सांगून ते कामाला लागले. दारात वर्तमानपत्रं साचलेली दिसली तर टाकणाऱ्याने कळवायचं, असं ठरलं. जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायचा, हासुद्धा मोहिमेचाच भाग! २००७ मध्ये त्यांनी १०० येन देऊन कुणीही येऊन बसावं अशी एक जागा सुरू केली. कॉफी प्यायची, गप्पा मारायच्या.

संग्रहालयातल्या त्या फ्लॅटमध्ये उभी असताना मला पुण्याची काकू आठवत होती. काका गेल्यापासून एकटीच असते. तिचं वीजबिल, फोनबिल, सोसायटीचे पैसे, सगळं बँकेतून आपोआप जाईल अशी सोय मीच करून दिली आहे. तिला रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून.