टेक्सासची शेवंती
टेक्सासच्या हायस्कुलात शिकलात? मग होमकमिंगची 'मम' सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात छातीवर मिरवायची ही मम म्हणजे मुळात आपली शेवंतीच! 1909 साली वेकोच्या बेलर विद्यापीठानं माजी विद्यार्थ्यांना परत बोलावलं. मिरवणूक झाली, फुटबॉलचा सामना झाला. असे मेळावे पुढे हायस्कुलांतही रुजले. खरं फूल मात्र मागे पडलं. आता रेशमी फूल, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या फिती, घुंगरं, वर टेडीसुद्धा. (जरा अतीच, पण मजा येते.)

होमकमिंग म्हणजे एका अर्थी माहेरपण. पण मराठी आईबाबांचं माहेर ती शाळा नसतेच. मैत्रिणीची आई स्वतःची जुनी मम कपाटातून काढते. आपल्या घरात मुलगीच आईला समजावते, हे काय असतं ते. तेही बहुधा ऐन नवरात्रात.