मान कोणाच्या हाती?

शेक, लेप, गोळ्या आणि गळ्याचा पट्टा बाजूला ठेवला, तर मानदुखीच्या उपचारांचा इतिहास मला दोन पक्षांतला जुना वाद वाटतो. एक पक्ष म्हणतो, दुखणे जाणत्याच्या हाताने जाते. दुसरा म्हणतो, ते ज्याचे त्याने अंग हलवल्याने जाते. या वादात रुग्णाचा पैसा आणि वेळ तर असतोच. पण आपल्या शरीरावर आपला किती ताबा, हा प्रश्नही असतो.

हाताचा पक्ष आधी पाहू. इंग्लंडमधील हाडवैद्यांना डॉक्टर भोंदू म्हणत. पण 1867 साली जेम्स पॅजेट या नामांकित शल्यविशारदाने आपल्या व्यवसायबंधूंना बजावले, की हाडवैद्य काही रुग्ण खरोखर बरे करतात. त्यांच्यातले चांगले घ्या, वाईट टाळा. पुढे 1895 मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल पामर यांनी हार्वे लिलर्ड यांच्या मणक्यावर दाब देऊन त्यांचे बहिरेपण घालवल्याचा दावा केला. त्यातून कायरोप्रॅक्टिक जन्मले. बहिरेपणाचा तो दावा वैद्यकाने स्वीकारला नाही. मानेला झटका देऊन ती मोकळी करण्याची रीत मात्र टिकली.

हालचालीच्या पक्षाचा मोठा पुरस्कर्ता स्वीडनचा पेर हेन्रिक लिंग. त्याने 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली. तिच्या वैद्यकीय शाखेत उपचारक रुग्णाचा अवयव हलवी आणि रुग्णही उपचारकाच्या हाताला विरोध करत स्वतः हलवी. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष तिथे एकत्र नांदत होते.

आपल्याकडेही ते वेगळे नव्हते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकराव व्यायाम शिकवत आणि हाडेही बसवत. त्यांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. तालमीतला वस्ताद अंगाला हात लावी, पण त्याचे मुख्य काम असे शेजारी उभे राहून मेहनत करून घेण्याचे.

न्यूझीलंडचे भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी यांनी 1983 मध्ये थेट रुग्णांसाठीच 'ट्रीट युअर ओन नेक' हे पुस्तक लिहिले. आपली मान आपणच सांभाळा, हा निरोप त्याच्या नावातच आहे.

या दाव्यांची तुलना अमेरिकेतील मिनेसोटाच्या संशोधकांनी केली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात दोन ते बारा आठवडे मान दुखणारे 272 रुग्ण होते. हाताचे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले. पण घरच्या व्यायामात आणि त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. त्या व्यायामासाठी शिकवणी होती तासा-तासाच्या दोन भेटींची. पुढे रुग्णाने दिवसातून सहा-आठ वेळा मान हळूहळू वळवायची, वाकवायची, मागे घ्यायची आणि खांदे मागे ओढायचे.

जुनाट मानदुखीचे चित्र जरा वेगळे दिसले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासातील 270 रुग्णांपैकी ज्यांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कसून व्यायाम केला, त्यांना घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला, विशेषतः सुरुवातीच्या काळात. त्या व्यायामाला हाताच्या उपचारांची जोड दिल्याने मात्र विशेष भर पडली नाही.

या आकड्यांतून मला उपचारकाची हकालपट्टी दिसत नाही. त्याची जागा बदललेली दिसते. हात सुन्न पडणे, पकड ढिली होणे, ताप, पडझड यांसह मान दुखत असेल तर आधी डॉक्टरच हवा. पण रोजची, वर्षानुवर्षांची मानदुखी घेऊन जो माणूस दर भेटीला एका दिवसाची मजुरी बुडवतो, त्याला आयुष्यभर कोणाच्या तरी हाताखाली मान देत बसणे परवडणारे नाही. त्याला हवा थोडे दिवस लक्ष ठेवणारा, चूक सुधारणारा आणि मग घरी पाठवणारा शिक्षक. आपल्या तालमींना हे नाते ठाऊक होते. दवाखान्यांनी ते उचलायला हरकत नाही.